नळी ढिली होती

अगं, मुलुंडच्या त्या एअर रायफल स्पर्धेत माझी पार वाट लागली होती, ते तुला सांगितलंच नाही ना? राज्य स्पर्धेत जायची शेवटची संधी, आणि माझा एक छर्रा डावीकडे, तर दुसरा खाली. दोन महिने सरावातही हेच चाललं होतं. मागून सर सांगतायत, "श्वास रोख." मी इतका रोखला की डोळ्यांसमोर काजवे चमकले. पुढचा छर्रा थेट सात गुणांच्या वर्तुळात.

बाबा पहिल्यांदाच माझा खेळ बघायला आले होते. आयुष्यभर गिरणीत फिटर. ते दोरीपलीकडून म्हणाले, "गो, तुझो श्वास बरो आसा. नळी हलता."

मी रायफल रिकामी करून नळी धरली, तर खरंच हलत होती. हात वर केला. पंचांनी तपासलं आणि दुरुस्तीला दहा मिनिटं दिली. नळी धरणारे दोन्ही स्क्रू ढिले. बाबांना आत सोडेनात, म्हणून पाना मीच हातात घेतला.

"एकच पिळत बसा नको," बाबा शांतपणे म्हणाले. "थोडो हो, थोडो तो."

तसंच केलं, दोन्ही स्क्रू आळीपाळीने आवळले. सरावाचे दोन छर्रे मारले, दोन्ही एकाच भोकात. मग दहा, दहा, नऊ, दहा. अंगावर काटा आला यार. एका गुणाने का होईना, निवड झाली.

सरांनी बाबांना विचारलं, "काका, इतक्या लांबून कळलं कसं?"

बाबा म्हणाले, "दोन म्हयने सगळे हिच्याकडेच बघीत होते. मी आज बंदुकीकडे बघलंय."