तीस टक्के

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी फोन लावला. पलीकडे त्यांची आई इतक्या मोठ्याने बोलत होती, की मला दोन्ही बाजू ऐकू आल्या.

"आई, मी बोलतेय."

"थांब, आधी कपडे आत घेते."

"अगं, वादळ नाहीये."

"गारा पण नाहीत? गाडीवर सतरंजी टाकू ना?"

"काही नको. आज आमच्या नकाशात तुझ्या गावावर रंगच नाही. विजांचे ढग पार देशाच्या दुसऱ्या टोकाला आहेत."

"मग फोन कशाला केलास?"

"सहज."

"सहज! हवामान खात्यात लागल्यापासून वादळाशिवाय कधी फोन केलायस? आभाळ भरून आलं की मला बरं वाटतं, आता पोरीचा फोन येईल म्हणून. ए, रडतेस काय?"

"दवाखान्यात आलेय. छातीत गाठ लागलीये. आज रिपोर्ट मिळेल."

"अख्ख्या देशाला आदल्या दिवशी सांगतेस, आणि आईला आत्ता?"

"वाईट निघायची शक्यता तीसच टक्के आहे म्हणाले डॉक्टर."

"सोबत कोण आहे?"

"कोणी नाही."

"तीस टक्के असले की काय करायचं? तूच शिकवलंस ना मला?"

"कपडे आत घ्यायचे."

"मग घेते. दार लावते आणि निघते."

"अगं, पोचायला दोन दिवस लागतील."

"लागू देत. तू फोन ठेवू नकोस, कपड्यांची दोरी इथे अंगणातच आहे."