टोपी फाटकाशी काढायची

—नाही नाही, असं उभ्याउभ्या नको, आधी बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, ही घ्या. आणि बोलू नका. म्हणजे लगेच बोलू नका. आमच्या स्तारी वेर्बी गावात रीत आहे, लष्कराच्या भरती-कार्यालयातून माणूस आला की आधी मी बोलते, मग तो. तुमच्या आधी बोहदान इवानोविच यायचे, त्यांनी नाही सांगितलं? बदली झाली ना त्यांची, गडबडीत राहून गेलं असेल. चहा टाकला असता, पण लाईट सकाळपासून गेलीय, किटली नुसती शोभेला. हे घ्या, उझवार आहे, सुक्या नाशपात्यांचं, माझ्याच झाडाच्या नाशपात्या. प्या हो. मला काहीच वाटत नाहीये, खरं सांगते — दात काढताना इंजेक्शन देतात ना, गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालंय. तुम्ही दारात आलात, ‘राइसा पेट्रिव्ना तुम्हीच का?’ म्हणालात, आणि टोपी काढलीत. झालं. मला कळलं. माझा नाझार तिकडे आघाडीवर आहे, एकुलता एक आहे, तुम्ही त्याच्यासाठी आलात. कळलं मला. पण अजून बोलू नका.

गाव बघितलंत का येताना? काय बघणार म्हणा, बस-स्टँड ते इथपर्यंत एकच रस्ता, त्यात अर्धे खड्डे. ते बुजवणं माझ्याकडेच आहे, म्हणजे अर्ज करणं माझ्याकडे आहे, बुजवणं कुणाकडेच नाही. पण एकेकाळी आम्ही शहर होतो बरं का, हसू नका — नाही, तुम्ही हसत नाही आहात, ठीक आहे. द्निप्रो नदी ओलांडायचा उतार होता इथे, नावा लागायच्या, म्हणून पोलंडच्या राजानं सनद दिली — गुरुवारचा बाजार भरवा, आपला नगराध्यक्ष आपण निवडा, उताराची जकात आपण गोळा करा. शिक्काही दिला. शिक्क्यावर होडी आहे आणि होडीला वल्हंच नाही. आमचे म्हातारे सांगायचे, कोरणारा प्यायलेला होता, वल्हं विसरला. दुसरा शिक्का करायचा म्हणजे परत राजाकडे जा, कोण जाणार? चाललं तसंच. मग तातारांनी जाळलं, मग कोसॅकांची छावणी पडली, मग झारिणीचे अधिकारी आले, त्यांनी सनद काढून घेतली आणि नगराध्यक्षाला घरी बसवलं. पण त्यांच्याच नंतरच्या अधिकाऱ्यांनी शाळा बांधली, दवाखाना बांधला, पक्क्या विटांचा — ही भिंत तिथून आणलेल्या त्याच विटांची आहे. मग सोव्हिएत आले, मग एकोणीसशे तेहेतीसचा दुष्काळ. त्याबद्दल माझी आजी काही बोलायची नाही, फक्त ताटातला पावाचा चुरा बोटानं टिपून खायची, शेवटपर्यंत. मग जर्मन आले, जर्मन गेले. सगळे आले आणि गेले, साहेब, आणि प्रत्येकानं दारावर आपली पाटी ठोकली. जुन्या पाट्या मागच्या शेडमध्ये पडल्यात. एकीचं मी खुराड्याचं दार केलंय, ‘कार्यकारी समिती’ लिहिलेलं. कोंबड्या रोज समितीतून आत-बाहेर करतात.

बोलू नका म्हटलं ना. दमच नाही बाई तुम्हाला.

खरं गाव पाण्याखाली आहे. या खिडकीतून दिसतं ते नुसतं पाणी, पण तो बोया तरंगतोय ना, त्याच्या जरा डावीकडे बाजार होता, आणि त्याच्या खाली आमची गल्ली. धरण बांधलं तेव्हा हुकूम आला — सगळ्यांनी वर टेकडीवर जायचं, आपली घरं आपणच पाडायची, आपली झाडं आपणच तोडायची, वीतभरापेक्षा उंच बुंधा राहता कामा नये, बोटीला लागतो. कमिशनचा माणूस पट्टी घेऊन बुंधे मोजत फिरायचा. माझी आई तेव्हा लहान होती, तिनं आपल्या हातानं सफरचंदाची फांदी धरली आणि आजोबांनी करवत चालवली, आणि झाड फुलावर आलेलं, सगळी फुलं हिच्या डोक्यावर. आणि आजीनं काय करावं? घराला चुना लावला. पाडायच्या घराला! आत-बाहेर, चुलीलासुद्धा. कमिशनचा माणूस म्हणाला, बाई, वेड लागलंय का, परवा पाडायचंय. आजी म्हणाली, परवा पाडायचंय, पण उद्या ईस्टर आहे. अशी माणसं होती. हुकूम आला की हुकूम पाळायचा, पण आधी चुना लावायचा. मी तिचीच नात — म्हणून म्हणते, तुम्ही सांगालच, सांगायला आलात, तो तुमचा हुकूम आहे, पण जरा दम धरा, माझा चुना लावून होऊ दे.

तर वर आलो, आणि वर आल्यावर नशीब काढलं म्हणा, तालुका झालो. कोर्ट आलं, पोलीस ठाणं आलं, पावाचा कारखाना आला, शनिवारी बँड वाजायचा. मी या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा या जिन्यावर पाय ठेवायला जागा नसायची. आणि मग ती सुधारणा आली. छोटी गावं मोठ्या शहरांना जोडा, खर्च वाचवा. तालुका गेला, कोर्ट गेलं, ठाणं गेलं, कारखान्याच्या छपरावर आता बर्चची झाडं उगवलीत. आणि नगराध्यक्षाच्या खुर्चीत कोण? स्तारोस्ता, शहराच्या हाताखालची गावची कारभारीण. म्हणजे मी. अधिकार नाही, शिपाई नाही, गाडी नाही. रहिवासाचा दाखला द्यायचा, मोकाट कुत्र्यांची तक्रार ऐकायची, दिव्याचा बल्ब गेला की शहराला कळवायचं. तीनशे वर्षांचं शहर आणि बल्ब मागायला दुसऱ्याच्या दारात! तामिला म्हणायची, राइसा, तू म्हणजे आमची राणीच गं, नुसतं राज्य तेवढं नाही.

तामिला म्हणजे माझी शेजारीण. आमच्या दोघींच्या कुंपणाला एक फळी मुद्दाम काढून ठेवलीय, तिथून जा-ये. शाळेत एका बाकावर होतो. नवरे दोघींचे गेले, माझा दारूनं, तिचा कामाच्या शोधात पोलंडला — तो आहे तिकडे कुठेतरी, पण गेल्यातच जमा. आणि पोरं दोघं एका महिन्यातली. माझा नाझार आणि तिचा सावा. नाझारला माझं दूध कमी पडलं तर तिनं पाजलं. आता एकाच तुकडीत आहेत. त्या जंगलातल्या लढाईपासून दोघांचाही फोन नाही. रोज सकाळी ती त्या फळीतून डोकं काढते, मी मान हलवते, नाही. मग मी बघते, ती मान हलवते, नाही. झालं, दिवस सुरू.

हं, तर काम. युद्ध सुरू झाल्यावर मला नवीन काम आलं, कुणी हुकूम दिला नाही, आपसूक आलं. कुणाचा मुलगा गेल्याचा निरोप घेऊन तुमचा माणूस येतो, तो परका, त्याला घर माहीत नसतं, घरातलं माणूस माहीत नसतं — कुणाला हृदयाचा त्रास आहे, कुणाची सून गरोदर आहे. मग मी बरोबर जाते, आणि दवाखान्यातली नर्स विरा, औषधाच्या थेंबांची बाटली घेऊन. ऑफिसात सांगायचं नाही, दुकानात नाही, शेतात नाही, त्यांच्या घरच्या फाटकाशीच सांगायचं. मी आधी नावानं हाक मारायची. आणि टोपी — टोपी फाटकाशी काढायची, त्याआधी नाही, कारण वाटेत सगळं गाव टोपीकडे बघत असतं. टोपी उतरली की कुणाचं घर ते कळलं. आधी पडदे हलतात, मग आपण पुढे गेलो की मागे दार उघडतं, कुणीतरी मोठ्यानं खोकतं, कुणीतरी बादली आपटतं. आनंद झालेला असतो हो त्यांना. आपलं घर सुटलं! मला राग यायचा. एकदा तर मागे वळून म्हातारीला ओरडले, लाज नाही वाटत? ती म्हणाली, नाही वाटत. आणि तेव्हापासून मी इतर दिवशी सायकलवरच फिरते. सायकलवर असले तर बल्ब किंवा कुत्री, पायी असले तर तसलं. मध्ये चेन तुटली, हातात धरून चालत आले, तर अख्ख्या गल्लीनं दारं लावून घेतली, आणि तामिला अंगणात मटकन खाली बसली. मी ओरडले, अगं चेन तुटलीय, चेन! मग दोघी हसलो, इतक्या हसलो. ती म्हणाली, राइसा, तू मरेपर्यंत सायकल विकू नकोस हं.

आणि तुम्ही माझ्या दारात टोपी काढलीत. ऑफिसच्या. तेही चुकीचंच केलंत, घरी यायचं होतं. पण माझ्या घरी मला घेऊन कोण आलं असतं? मीच ना. स्तारोस्ताच्या फाटकाशी स्तारोस्ताला हाक मारायला दुसरी स्तारोस्ता कुठून आणणार? हे कुणी ठरवलंच नाही. सगळं ठरवलं, हे राहिलं.

एक सांगू? तुम्ही परके आहात, उद्या दुसऱ्या गावाला जाल, म्हणून सांगते. तामिलाला सांगितलं नाही, चर्चमधल्या पाद्र्यालाही नाही. झोप लागत नाही तेव्हा मी देवाशी घासाघीस करते. म्हणते, दोघांना आण. मग थोड्या वेळानं म्हणते, बरं, दोघांना नाही जमत तर एकाला आण. आणि मग — मग म्हणते, न्यायचाच असेल तर सावाला ने. नावानिशी म्हणते. जो माझ्या ताटात जेवला, ज्याचं डोकं मी उवांसाठी विंचरलं, त्याला. तिनं माझ्या पोराला दूध पाजलं आणि मी तिचं पोर देऊन टाकते, रोज. सकाळी त्याच फळीतून तिला मान हलवून दाखवते. ऐकलंत? अशी बाई आहे मी. आणि बघा, देवानंही ऐकलं नाही. बरोबरच केलं त्यानं. मी त्याच्या जागी असते तर मीही ऐकलं नसतं.

हं. झालं. लावून झाला चुना. सांगा आता. ‘राइसा पेट्रिव्ना, आपला मुलगा’ — असं सुरू करतात. करा.

काय?

काय म्हणालात? नीट सांगा. नाही, आडनाव सांगा. परत सांगा. सावा — सावा कोण? तामिलाचा? कुणाला न्यायला आलात तुम्ही? मला? म्हणजे बरोबर घेऊन जायला? अहो मग टोपी — उकडत होतं म्हणून? जिना चढून आलात, उकडत होतं म्हणून! आणि फोन? बोहदान इवानोविच आधी फोन करायचे, मला नाव सांगायचे — लागला नाही? हो, लाईट नाही, टॉवर बंद. सकाळपासून. अरे देवा. आणि माझा? माझा कुठे आहे? थांबा, हळू बोला, मला ऐकू येत नाहीये — सावाचा देह नाझारनं ओळखला? नाझारनं स्वतः? म्हणजे उभा होता तो? तुम्ही बघितलंत त्याला? बोललात? पायाला लागलंय, पण बोलला. काय बोलला? ‘माझ्या आईला आधी सांगा, ती तामिला मावशीला सांगेल.’ असं म्हणाला.

जिवंत आहे. माझा जिवंत आहे. पायाचं काय घेऊन बसलात, पाय असू दे, नसू दे, जिवंत आहे ना! अहो, सगळ्यात आधी हे सांगायचं सोडून तुम्ही माझी बडबड ऐकत — हो, मीच बोलू दिलं नाही. मीच. उठू नका. नाही, उठा. विराला बोलवा, खालीच आहे दवाखान्यात, थेंब घे म्हणावं. तामिला घरी आहे, आज तिची सुट्टी आहे, बटाटे काढते म्हणाली होती. तिची सुट्टी आहे आणि ती बटाटे काढतेय आणि मी — मघाशी मी काही बोलले का तुमच्याजवळ? सावाबद्दल? नाही बोलले. तुम्ही काही ऐकलं नाही. गावाचा इतिहास सांगत होते मी, एवढंच.

असे बघताय काय माझ्याकडे? हसतेय का मी? हसतेय. थांबतच नाहीये हो, तोंड बंद केलं तरी गाल हसतातच आहेत. तुम्ही बाहेर जा. बाहेर थांबा म्हणते ना, दार लावून घ्या. हा चेहरा घेऊन मला तिच्या फाटकाशी उभं राहता येणार नाही. जा.