लाल रेघ

दुपारपर्यंत माझं मौन असतं, त्यामुळे रांगेत कान तेवढे मोकळे होते. शहर दाखवणाऱ्या बसच्या खिडकीशी एक आजोबा उभे होते, आत तिकीटवाली बाई.

“दोन नातवंडांना शहर दाखवायचंय. फार दगदग नको. एक बाग, एक नावेतली फेरी, बास.”

“मग अर्ध्या दिवसाची बस घ्या. हवं तिथं उतरा, मागून येणाऱ्या बसनं पुढं जा.”

“मधेच पोरांना डुलकी लागली तर?”

“झोपू द्या. बस फिरून इथंच येते.”

“हे झकास. आणि धाकटा रडायला लागला तर?”

“मग आजोबा कशाला आहेत?”

“माझ्याकडे येईल ना तो?”

“नातू तुमचा, आणि विचारता मला? बरं, उंची सांगा. खिडकीखाली भिंतीवर लाल रेघ आहे. डोकं तिच्यावर जात नसेल तर तिकीट लागत नाही.”

“उंची होय...”

“हातानं दाखवा की.”

“फोनवर कायम आईच्या मांडीवर असतात हो. उभी कधी बघितलीच नाहीत.”

“येणार कधी?”

“रविवारी. पहिल्यांदाच येतायत.”

“मग रविवारीच या. दोघांना रेघेपाशी उभं करू.”

“चालेल. तोवर जरा हात लावून बघू?”

“बघा की.”

आजोबा वाकले. रेघेवर तळवा उपडा धरला.

“म्हणजे डोकं इथं येईल.”

“साधारण.”

मागून कुणीतरी म्हणालं, “काका, सरका ना पुढं.”

“सरकतो बाबा, सरकतो.”

तळवा रेघेवरून हळूहळू मागे-पुढे फिरत होता.