खिंडीत बसलेली थोरली

ऐका. दार ओढून घ्या, ती शेगडी जरा इकडं ढकला, आणि मधे कुणी बोलायचं नाही. उद्या तुम्ही कडजाईचा डोंगर चढणार. चढा. पायऱ्यांनी चढा, ओटी भरा, खाली या. पण देवीची खरी गोष्ट कुणी सांगितली का तुम्हाला? नाहीच सांगत. पुजारीसुद्धा सांगत नाही.

कडजाई ही धाकटी. तिला एक थोरली बहीण. दोघी जागा शोधत डोंगर चढत होत्या. मागच्या खिंडीत थोरली दमली, दगडावर टेकली. धाकटी म्हणाली, "तू बस गं, मी वर जागा बघते आणि हाक मारते." वर गेली. जागा आवडली. बसली. हाक काही मारली नाही! थोरली अजून तिथंच आहे, हाकेची वाट बघत. बघून बघून देवपण सरलं, नुसता राग राहिला. आपण पायऱ्यांवर कुणी दमून बसलेलं दिसलं की म्हणतो ना, "चल गं आई"? ते पायऱ्यांवर म्हणायचं. खिंडीच्या वाटेला तोंड शिवून जायचं. काय? तोंड शिवून!

तर माझा चुलता, हैबती. देवीच्या काठीचा मान तेव्हा आमच्या घरात. काठी म्हणजे दोन पुरुष उंच बांबू, वर भगवं फडकं, मोरपिसं. एकदा खांद्यावर घेतली की देवळाला टेकेपर्यंत भुईला लावायची नाही. त्या साली जत्रेच्या आदल्या दिवशी हैबतीचं पोरगं, सदू, तापानं फणफणलं. डोळे फिरवायला लागलं. वैद्यानं हात टेकले. चुलती पदर पसरून म्हणाली, "आई, दिवस उगवायच्या आत काठी तुझ्या दारात लावतो, माझं लेकरू ठेव." बोलून बसली! आता पायऱ्यांची वाट पडली लांबची, डोंगराला वळसा. हैबतीनं दिवेलागणीला काठी उचलली आणि धरली खिंडीची वाट. एकटा!

चांदणं होतं. खिंडीच्या तोंडाशी एक बाई बसलेली. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, गुडघ्यात मान. जत्रेचीच कुणी वाटली त्याला. आणि जन्माची सवय हो! तोंडातनं निघून गेलं, "चल गं आई."

झालं! बाई उठली.

मागनं जोडव्यांचा आवाज. हा थांबला की आवाज थांबायचा. हा चालला की चालायचा. "दादा, दमलास रे. दे काठी, घेते मी थोडी." केवढा गोड आवाज! हैबतीनं काठी आणखी घट्ट धरली. पुढच्या वळणावर बघतो तर तीच बाई पुढं बसलेली. तोच दगड, तेच लुगडं. "दे की रे काठी." हैबती मान खाली घालून पुढं गेला.

मग खालनं बायकोची हाक आली. "अवो, मागं फिरा! सदू गेला वो!" अगदी तिचाच गळा. हैबती हंबरडा फोडून रडला. पण रडत रडत चालतच राहिला. पोर असो नसो, काठी भुईला लावायची नाही, एवढंच त्याच्या डोक्यात.

आणि काठी जड झाली. अशी जड, की बांबू वाकला. हैबतीनं वर बघितलं. बघायला नको होतं! मोरपिसांत ती बसलेली. पाय खाली सोडलेले. आणि ते पाय लांबत होते. लांबत, लांबत, अंगठा येऊन त्याच्या खांद्याला टेकला. थंडगार!

वर देवळाचा दिवा दिसायला लागला. तेव्हा ती तिच्या खऱ्या आवाजात बोलली. "तूच म्हणालास ना चल? आता ने मला आत. काठी देवळाला टेकव. धाकटीला उठवते आणि मी बसते. तुझं पोर मी राखीन."

खरं सांगतो, हैबतीनं पाऊल उचललं. बाप होता. तुम्ही उचललं नसतं? हं! मला नका सांगू. त्यानं विचारलं, "राखशील?"

"राखीन की! ताप माझाच आहे. मीच लावला. नाहीतर या वाटेला कोण फिरकतं?"

इथं ती चुकली. हैबतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "भवाने! माझ्या लेकराला हात लावलास?" म्हणाला, आणि काठी उचलून कड्यावरनं दरीत भिरकावली! काठीबरोबर पडता पडता तिनं त्याचा खांदा धरला. हैबती फरफटत कड्यापर्यंत गेला. एक पाय दरीत! हाताला करवंदीची जाळी लागली, तीच धरून राहिला, काटे तळहातात घुसले तरी सोडली नाही. शेवटी अंगावरचं घोंगडं सुटलं आणि घोंगड्यासकट ती खाली गेली. दरीतनं ओरडत होती, "चल म्हणाला होतास! चल म्हणाला होतास!"

सकाळी हैबती घरी आला. पण दारातनं आत पाऊल टाकवेना. नवस मोडला, पोर आपण मारलं, असंच धरून बसलेला. तेवढ्यात आतनं सदू म्हणाला, "आई, पेज दे." हैबती उंबऱ्यातच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. काठी टाकली म्हणून गावानं मान काढून घेतला. "घ्या," म्हणाला. तो खांदा मात्र पुन्हा कधी वर झाला नाही.

पण थोरली काही संपली नाही. ती अजून बसलीय. अजून जत्रेच्या तोंडावर कुणाचं ना कुणाचं पोर तापतं, आणि बाप त्या वाटेकडं धावतो.

ए दिनकर! कुठं निघालास उठून? मगाशी घरनं फोन आला तुला, पोर तापलंय म्हणून. ऐकलंय मी. तो नारळ खाली ठेव. घरी कळव, पोराला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या म्हणावं, गावात जीप आहे. पहाटे आमच्याबरोबर पायऱ्यांनी चढायचं. खिंडीला जायचं नाही. नाही म्हणजे नाही. डोळे काय वटारतोस माझ्यावर?

दारात बसा रे दोघंजण. रडू दे, शिव्या देऊ दे, पण त्याला बाहेर सोडू नका.