मराठी आवाज

पांडेसऱ्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात पल्लवी नंबरची वाट पाहत होती. शेजारी उषाबाई आणि त्यांची लेक धनश्री बसल्या होत्या. धनश्रीच्या मांडीवर जुना लॅपटॉप घरघरत होता. दोघींचं बोलणं कानावर पडलं, तसा पल्लवीने आपला मोबाइल पर्समध्ये टाकला.

"झालं का गं?"

"होतंय, आई. या लॅपटॉपच्या सिस्टिममध्ये वाचून दाखवणारा प्रोग्रॅम तयार मिळत नाही, मूळ कोडपासून इथंच बनवावा लागतो. त्यात काय हवं, काय नको, ते आधी सांगायचं."

"मग काय सांगितलंस?"

"चित्रं नकोत, वाचून दाखवणं हवं. मागच्या वेळी मराठी निवडायची राहिली, म्हणून पुन्हा बनवतेय."

"आणि मघाशी अडलं ते?"

"आवाजाचं लायसन्स वेगळं आहे. त्याच्या अटी मान्य केल्याशिवाय पुढे जात नाही."

"न वाचताच मान्य केल्यास?"

"वाचल्या. घरी वापरा, विकू नका, एवढंच आहे. झालं बघ, ऐक."

"उषाबाई, ऐकू येतंय का?" लॅपटॉप बोलला.

"येतंय रे बाबा. धना, आता तू पुण्याच्या नोकरीला हो म्हण. पेपर वाचून दाखवायला मला हा आहे."

"आणि जेवलीस का, हे कोण विचारणार?"

"ते तूच विचार. रोज फोन करून."