तिसऱ्या सिलिंडरचा प्लग

नाही भाऊसो, चहा नको — आणि ते स्टूलही नको, मी उभी आहे ती बरी आहे. तुम्ही फक्त हा प्लग हातात घ्या आणि उजेडाकडे धरा. तिसऱ्या सिलिंडरचा. आज सकाळी मी स्वतः काढला, इंजिन गार असताना, व्यवस्थित पान्यानं. चिनीमातीवर ही बारीक काळी रेघ दिसतेय ना? — काजळी नाही ती. पुसून पाहा. जाते? नाही जात. चीर आहे ती! ठिणगी टोकाशी पडायची सोडून या चिरेतून बाहेरच्या बाहेर पळते. सपाट रस्त्यावर कळतही नाही, चढावर इंजिनावर भार आला की कळतं. मला काल कळलं — मेढ्याच्या अलीकडच्या चढावर, सकाळी साडेसहाला. पिकअप आधी ठसकली, मग थरथरली, मग उभीच राहिली. सोमवारी तुम्ही प्लग बदललेत आणि बुधवारी गाडी चढावर उभी! याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

आणि उरलेले तीन? तेही आणलेत, हे घ्या. चांगल्या प्लगचं टोक बिस्किटाच्या रंगाचं असतं, कडा चौकोनी असतात — हे मला अण्णांनी मी नववीत असताना शिकवलंय, तेव्हा मला शिकवू नका. या टोकांच्या कडा झिजून गोल झाल्यात. वर पॉलिश कागदाचे ओरखडे आहेत. आणि ठिणगीच्या फटीचं अंतर मी मापाच्या पातळ पट्टीनं मोजलं — चारही प्लगांचं बरोबर शून्य पूर्णांक आठ दशांश मिलिमीटर. झिजलेल्या प्लगचं अंतर इतकं नेमकं कसं असेल? — तर तुम्ही ते हातानं जुळवलंत म्हणून. इतकी मेहनत घेतलीत! कशासाठी? जुने प्लग नवे वाटावेत म्हणून. मी तुम्हाला चार कोरे प्लग दिले होते, डब्यांसकट. ते कुठे गेले, एवढंच मला सांगा.

बोलू नका, मलाच बोलू द्या. आटपाडीकडच्या बनुबाई तुम्हाला माहीत नाहीत — मेंढरं घेऊन सध्या मेढ्याच्या वरच्या अंगाला उतरल्यात. त्यांची मेंढी अडली होती. कोकरू आडवं. जनावरांची डॉक्टर म्हणून फोनवर मी त्यांना सांगितलं, ओढू नका, हात घालू नका, मी पाऊण तासात पोहोचते. आणि त्यांनी ऐकलं, भाऊसो! इतकी वर्षं स्वतःच्या हातानं कोकरं सोडवणारी बाई, माझ्या शब्दावर हात बांधून बसली — दोन तास चाळीस मिनिटं. मी पोहोचले तेव्हा मेंढी गेलेली, पोटातली दोन्ही गेलेली. त्या चिडल्यासुद्धा नाहीत. मलाच म्हणाल्या, "आवं बाई, गाडी हाय ती, तिला काय कळतंय." गाडीला कळत नसेल, पण गाडीला हात लावणाऱ्याला कळायला हवं की नको? म्हणून मी त्यांना तुमचं नाव सांगितलं. दूध संस्थेच्या दिग्विजयनाही सकाळीच फोन केला — भाऊसो नवे प्लग काढून घेतात आणि जुने घासून बसवतात, संस्थेचे चारही टेम्पो त्यांच्याकडे पाठवू नका. हो, सांगितलं! तोंडावर कबूल करते. मागून बोलायची मला सवय नाही.

काय? तुम्ही सोमवारी म्हणाला होतात? — हो, म्हणाला होतात. आठवतं मला. "ताई, हे वापरल्यालं वाटत्यात, नवीन आणू का?" आणि मी काय म्हणाले, तेही आठवतं — अण्णांच्या कपाटातल्या वस्तूंवर शंका घ्यायची गरज नाही, आहेत ते बसवा. बरोबरच म्हणाले! वीस वर्षं सैन्याच्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काढलेला माणूस, माझा बाप, हवालदार नाथाजी — तो कपाटात कचरा ठेवेल? तुम्ही आधीच कुरकूर करून ठेवलीत म्हणजे उद्या बोट दाखवायला जागा — हे न कळण्याइतकी मी खुळी नाही. अण्णांच्या कपाटात एकेक खिळा जागेवर असायचा. त्यांना जाऊन सहा महिने झाले, तरी अजून डोळे मिटून हात घातला की हवं ते सापडतं. साधा प्लग बदलला तरी सैन्यातली शिस्त — जुना जमा केल्याशिवाय नवा मिळत नाही — म्हणून घरीसुद्धा नव्याच्या डबीत जुना घालायचे, डबी बंद करायचे आणि पुन्हा कपाटात —

डब्या कुठे आहेत?

त्या रिकाम्या डब्या, भाऊसो. मी दिलेल्या. टाकल्यात का? — ठेवल्यात. ठीक आहे. इथे बॉनेटवर ठेवा. नाही, मीच उघडते. लाल पेन्सिल. झाकणाच्या आतल्या बाजूला, अण्णांचंच अक्षर — "काढला. १२ मार्च. पहिला, झीज." हा दुसरा, झीज. हा चौथा. आणि हा... "तिसरा. चीर. वापरू नये."

वापरू नये.

औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी दोनदा वाचल्याशिवाय मी सुई भरत नाही. आणि ही साधी डबी — उघडूनसुद्धा पाहिली नाही. आणि तुम्ही! तुम्ही गप्प का बसलात? एकदाच विचारलंत! माझ्या अंगावर ओरडायचं होतं, प्लग माझ्या हातावर आपटायचे होते — ते सोडून पॉलिश कागद घेऊन घासत बसलात, अंतर जुळवत बसलात, त्यातल्या त्यात गाडी बरी चालावी म्हणून. कोण सांगतं इतकं ऐकायला? सगळे माझं ऐकतात, हीच तर —

थांबा. फोन लागतोय. — दिग्विजय? संयोगिता बोलतेय. सकाळी मी भाऊसोंबद्दल जे सांगितलं ते खोटं होतं. — गैरसमज नाही, खोटं. नवे प्लग कुणी काढून घेतले नव्हते, मीच जुने दिले होते. टेम्पो त्यांच्याकडेच पाठवा, आजच. — नाही हो, ते काही सांगायला लावत नाहीयेत. ते डब्यांची झाकणं लावतायत.

आता बनुबाईंना लावायचा आहे. तुम्ही जरा बाहेर जाता का, भाऊसो? — माहीत आहे मला, गॅरेज तुमचंच आहे. तरीही जा. आणि दार ओढून घ्या.