बासष्टाव्या वर्षी सहा तारा

न्हाई, पन मी म्हणतो, तारा सहा... आन् माणसाला बोटं चार! पाच कुटली पाच? अंगठा धरायचाच न्हाई म्हणं! अंगठ्यानं मागं दडून बसायचं, नुसता टेकू द्यायचा, आन् बाकीच्या चौघांनी राबायचं. आता चार बोटांत सहा तारा कशा संभाळायच्या, ही अक्कल ज्यानं कुणी काढली असंल त्यो एकदा मला भेटू द्या! म्या सौरभला म्हणलं, आरं बाबा, हितं एकेक बोट माझं गाजरावानी, एक तार दाबाया जावं तर शेजारची फुकट दबतीया. तर म्हणतो कसा, अगदी हळू, देवळात बोलल्यागत, "होतं असं काका. तुम्ही बिगिनर आहात ना." बिगिनर! अवो, बासष्टावं लागलंय मला, आजा झालो मी, आन् मी बिगिनर!

थांबा, तुमाला सौरभ म्हाईत न्हाई. सौरभ म्हंजी आमचा भाडेकरू. आमच्या माण गावात आता काय, शेतं गेली आन् खोल्या उगवल्या. आमच्या बी बारा हायेत. त्यातल्या आठ नंबरात ह्यो. अकोल्याकडचा, हिंजवडीला कंपनीत जातो, लई गुणी पोरगं. बाकीचे भाडेकरू नळाचं पाणी गेलं की वरनं बोंबलत्यात, ह्यो खाली येतो, उंबऱ्याबाहेर चप्पल काढतो आन् म्हणतो, "काका, पाणी नाही वाटतं." आसल्या पोरावर चिडावं तरी कसं? गिटार त्याची. आन् ती शिकायची बुद्धी माझी न्हाई बरं का, मला काय येड लागलंय? ती भानगड आमच्या आरोहीची.

आरोही माझी नात. तिसरीत हाय, इंग्लिश मीडियमला. एक दिवस आली शाळेतनं, दप्तर टाकलं, माझ्या मांडीवर बसली, आन् लाडात म्हणती, "आबा, तुम्ही गिटार शिका." म्या म्हणलं, का गं बाय? तर झालं व्हतं आसं, की बाईंनी वर्गात इचारलं, कुणाचे आजी-आजोबा काय काय करत्यात? आता ती टॉवरमधली पोरं! एकाचा आजा बुद्धिबळ खेळतो, एकाची आजी जर्मन बोलती, त्यो अमोघ म्हणून एक आगाव पोरगा हाय, त्याचा आजा म्हणं सायकलवरनं लेह-लडाख का काय तिकडं जाऊन आला. आन् आमची उभी राहिली आन् सांगून मोकळी... "माझे आबा गिटार वाजवतात!" बाईंनी लगेच लिवून घेतलं. सप्टेंबरात शाळेत आजी-आजोबा दिन, त्यात आरोहीच्या आजोबांची गिटार! कार्ड छापलं ओ! रंगीत!

म्या म्हणलं, अगं पोरी, ढोल म्हणायचं की! तुमाला सांगतो, ढोल-लेझीमच्या ताफ्यात चाळीस वर्षं काढली मी. ह्या मुळशीत कुटल्या बी गावात जावा आन् इचारा, भिवाजीचा ढोल कसा? माणसं कानाला हात लावून सांगत्याल. तर आरोही म्हणती, "आबा, ढोल नको. गेल्या वर्षी तुम्ही वाजवला तेव्हा नर्सरीची सगळी मुलं रडली." आता ह्यात माझी काय चूक? ढोल हाय, त्यो काय कुजबुजतो व्हय?

मंग म्या म्हणलं, बाईंना सांग, चुकून बोलले. झालं! डोळ्यात पाणी. "अमोघ आत्ताच मला फेकू म्हणतो. आबा, सगळे मला खोटारडी म्हणतील." आता काय करता? पोरीचा शब्द गेला तर आजा कशाला मिरवायचा? आन् खरं सांगू का, तिला बोलताना तिचा आजाच आठवला असंल, गिटारवाला न्हाई तर न्हाई, पन जगात भारी, आसं वाटून बोलून गेली आसंल. मला लई बरं वाटलं. तितंच फसलो. बरं वाटलं की माणूस फसतोच.

तीन महिने हातात. रोज संध्याकाळी सहाला सौरभ कंपनीतनं आला की ओट्यावर क्लास. मी चटईवर, सौरभ समोर, आन् आमची बायको सारजा दारात सूप घेऊन तांदूळ निवडत. पहिल्या दिवशी म्या गिटार घेतली, तर सौरभ म्हणतो, "काका, कुदळ नाही ती, जरा सैल धरा." सैल धरली तर खाली घसरली. मंग म्हणला, "आता वाजवा." मी वाजवली. दोन तारा तुटल्या! अवो, चाळीस वर्षं ह्या हातात ढोल बडवायचं टिपरू, ह्या हाताला हळू म्हंजी काय ते कुणी शिकवलंच न्हाई! सौरभनं काय म्हणावं? "छान. एनर्जी चांगली आहे." आन् मी त्याच्या तोंडाकडं बघतो, ह्यो मला हसतुया का रडतुया?

आन् बोटं! अगगगं... त्या तारा न्हाईत ओ, सुऱ्या हायेत! डाव्या हाताच्या टोकांना चिरा पडल्या. चहाचा कप धरवंना. म्या म्हणलं, आरं किती दिवस दुखायचं हे? म्हणतो, "टोकं कडक झाली की नाही दुखणार काका. चार-सहा महिने." म्या म्हणलं, आरं पन कार्यक्रम तीन महिन्यांवर आला! तर म्हणतो, "तेवढंच दुखेल मग." बासष्टावं लागलंय, शुगरची गोळी चालू हाय, आन् मी बिगिनर!

तीनच शिकायच्या व्हत्या हो. जी, सी आन् डी. कॉर्ड म्हणत्यात त्याला. पोरांचंच चिमणीचं गाणं, तीन कॉर्डात बसतंय. एकेक सुटी सुटी यायची मला. जी लावायची, श्वास घ्यायचा, वाजवायची. झ्यॅंग! मंग सी लावायची, तर पहिलं बोट जातं कुटं, दुसरं येतं कुटून, तिसरं तर मला इचारतच न्हाई, त्यो स्वतंत्र कारभार! त्यात दारातनं सारजा, सुपातनं मान बी वर न करता, "अवो, मधलं बोट खाली. न्हाई, त्याच्या खाली. आता अंगठा वर आला बघा." म्या म्हणलं, तू तांदूळ निवड! तुला काय कळतंय त्यातलं? तर सौरभ हळूच, "काकू बरोबर बोलतायत." बघा आता!

आन् खालच्या तीन नंबरात एक लखनौची बाई राहती, घरनंच काम करती. ती एक दिवस दारात, हात जोडून, "अंकल जी, मेरी मीटिंग चल रही है. क्लाइंट पूछ रहा है, पीछे क्या टूट रहा है?" तुटतंय म्हणं! माझी तीन महिन्यांची मेहनत, आन् अमेरिकेतल्या माणसाला वाटतंय घर पाडतुया कुणीतरी!

तरी बी मी सोडलं न्हाई. आन् आता ऐका, इथनं पुढं माझी चूक हाय. मी कबूल करतो. पन चूक म्हंजी... तुमीच ठरवा.

कार्यक्रमाला चार दिवस. हवा दमट, भिंतींना ओल, पापड ठेवावा तर सादळावा. आन् गिटार बसली! आवाजच निघंना. नुसतं थप्प थप्प. सौरभ कंपनीत. आन् दुपारचा आला गोरख, माझ्या जोडीचा ढोलवाला. त्यानं गिटारीवर टिचकी मारली, कान लावला, आन् डॉक्टर म्हणल्यागत म्हणतो, "आण्णा, सर्द झालीया. शेकव."

आता तुमी हसताय. पन आमच्यात ढोल सर्द झाला की काय करत्यात? शेकत्यात! जाळ करायचा, कडंला ढोल धरायचा, फिरवायचा, टिचकी मारत ऱ्हायचं, टण्ण वाजला की उचलायचा. माझ्या बापानं तेच केलं, मी तेच केलं, आन् चाळीस वर्षांत एक ढोल बिघडला न्हाई! परसात पाणी तापवायची चूल हाय, तिच्यात निखारे व्हतेच. आमी दोघांनी गिटार धरली, एका बाजूनं मी, एका बाजूनं गोरख. फिरवतुया. टिचकी मारतुया. गोरख म्हणतो, "आजून थोडी." मी म्हणतो, बास का? म्हणतो, "आजून थोडी, पोट गरम होऊ दे." झालं पोट गरम... आन् कट्ट! तारा जिथं अडकवत्यात ती लाकडाची पट्टी, डिंक का काय सुटून, तारांसकट उडाली! गोरखच्या कानावरनं गेली. गोरख जो पळाला तो थेट घरी. शेकव म्हणणारा पुढं, आन् निस्तरणारा मी मागं.

संध्याकाळी सौरभ आला. म्या पट्टी त्याच्या हातात दिली. त्यानं गिटारीचा वास घेतला. धुराचा वास. माझ्याकडं बघितलं. आन् एवढंच म्हणला, "कॉलेजची होती, काका." बास. जिना चढून गेला. अवो, चार शिव्या घातल्या असत्या तर मी जेवलो असतो ओ! तोंड दाखवायची लाज वाटली मला. परक्या गावात आलेलं पोर, त्याची जिवाची वस्तू, आन् आपन चुलीवर धरली... वांगं भाजल्यासारखी!

पन पोरगं कसलं! दुसऱ्या दिवशी दिग्विजय नावाच्या एका मित्राची गिटार घेऊन खाली हजर. चप्पल काढली, बसला, आन् म्हणला, "काका, ही फक्त चुलीपासून लांब ठेवा." म्या कान धरले. वाजवाया बसलो. जी आली. सी... सी... सी काय येईना. आरोही समोर गुडघ्यात तोंड घालून बसलेली. तिला कळलं व्हतं. सौरभनं बी पहिल्यांदाच खरं सांगितलं, "काका, तीन दिवसांत नाही होणार." आरोहीनं इचारलं, "मग मी बाईंना काय सांगू?" मी आपला परत सी लावाया गेलो, बोट घसरलं.

तर दारातनं सूप खाली ठिवल्याचा आवाज. सारजा उठली, पदराला हात पुसले, आन् म्हणती, "आना हिकडं."

म्या म्हणलं, अगं मस्करी नको. तिनं घेतली. मांडीवर अशी ठिवली, पोर घेतल्यागत. जी लावली. सी लावली. डी लावली. परत जी! तोंडानं चिमणीचं गाणं, आन् हात आपला चालूच! तीन महिने ही बाई तांदूळ निवडत व्हती का आमाला निवडत व्हती? सौरभचं तोंड उघडं. म्हणतो, "काकू, बोटं नाही दुखत?" ती म्हणती, "कशानं दुखत्याल? तव्यावरची भाकर मी काय चिमट्यानं उलटतीया व्हय?"

चाळीस वर्षं! चाळीस वर्षं ती तापल्या तव्यावर बोटं कडक करत व्हती, आन् मी समोर बसून खात व्हतो.

आता खरं सांगायचं तर मला लागलं. कार्डावर नाव आजोबांचं छापलेलं. रातभर कूस बदलत ऱ्हायलो. पन सकाळी आरोही आजीच्या मागं मागं गाणं म्हणत फिरताना बघितली, आन् म्हणलं, जाऊ दे. आपला मान राहिला काय, गेला काय. पोरीचा शब्द राहू दे.

शाळेत गेलो. मोठा हॉल, खुर्च्यांना पांढरी कापडं. सारजा नऊवारीत, स्टेजवर. मी गिटार उचलून आणली, तिच्या मांडीवर दिली, बाजूला उभा राहिलो. आरोही माइकपाशी गेली. मला वाटलं, ही काय सांगणार? तर ताठ उभी राहून म्हणती, "मी खोटं सांगितलं होतं. सॉरी. गिटार माझी आजी वाजवते. आबा अजून शिकतायत. आबा बिगिनर आहेत." माइकवर ओ! आख्ख्या शाळंसमोर! बासष्टावं लागलंय, ढोलात पाच गावांत नाव हाय, आन् मी बिगिनर... स्पीकरवरनं!

पन सारजानं वाजवलं. आन् काय वाजवलं! नर्सरीतलं एक बी पोर रडलं न्हाई. सगळ्यांत आधी टाळ्या त्या अमोघनं वाजवल्या, मी बघितलं. आरोही अशी लाल झाली व्हती आनंदानं... माझे बी डोळे भरले, तुमच्यापासनं काय लपवायचं. म्या म्हणलं, चला, सुटलो! संपली एकदाची ती गिटार!

कुटली संपतीया? सौरभनं तिला पुढचं गाणं दिलं! आता रोज सहाला ओट्यावर क्लास असतो, काकूंचा. आन् सहाला, तुमाला सांगतो, आमच्या घरी भाकरीची वेळ. म्या म्हणलं, सारजा, भाकरी? ती तारंवरनं नजर बी काढत न्हाई, "परातीत पीठ काढून ठिवलंय."

मंग काय, थापतुया. पहिल्या दिवशी नकाशे झाले, मला बी खावंनात. आता गोल येत्यात, बऱ्यापैकी. पन तवा लई भाजतो ओ! ह्यी बघा, ह्यी टोकं. काल सौरभला दाखवली, म्हणलं बघ, काय अवस्था झाली माझी. त्यानं एकेक बोट दाबून बघितलं, अगदी निरखून, आन् म्हणतो कसा... "छान, काका! आणखी सहा महिने भाकरी करा, मग गिटारला बसू."